जाय, लई ये

आमच्या शाळेत एखादे मूल वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे दिसले, तर त्याला शिक्षा झाली आहे असे समजण्याचे कारण नसे. ते आपले ध्यान आणायला गेलेले असे.

ही व्यवस्था आत्माराम गुरुजींची. धुळ्याहून महामार्गाने शिरपूरच्या दिशेने निघाले की सोनगीरचा किल्ला दिसू लागतो. त्या किल्ल्याच्या अंगाला असलेल्या एका दोनशिक्षकी प्राथमिक शाळेत माझी बदली झाली, तेव्हा गुरुजी तिथे आधीपासून होते. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीत कधीच नीट बंद न होणारे एक दार. त्यामुळे गुरुजींच्या वर्गातले सारे मला ऐकू येई आणि माझ्या वर्गातले, माझा आवाज मुळातच लहान असल्याने, त्यांना फारसे ऐकू जात नसे.

पहिल्याच दिवशी व्हरांड्यात एक मुलगा खांबाला टेकून दूर कुठेतरी पाहत उभा होता. मी विचारले, "का रे, बाहेर का उभा?"

"ध्यान लेवाले उनू, बाई."

"कोणाचं?"

"मन्हं."

मी बोदवडकडची. आमच्याकडची बोली निराळी, इथली निराळी. त्यांच्या 'आहे'साठीच्या 'शे'ला आणि 'आलो'साठीच्या 'उनू'ला माझा कान अजून सरावला नव्हता. आपण काहीतरी चुकीचे ऐकले असे वाटून मी पुन्हा विचारले, "मग मिळालं का?"

"दखाई राहिनं," तो शांतपणे म्हणाला, "पन येत नही."

ध्यान दिसते आहे, पण येत नाही. शिक्षणशास्त्राची पदविका आणि पदवी अशा दोन्ही परीक्षांतून अवधान या विषयावर मी पुष्कळ लिहून आले होते. परंतु इतके नेमके वाक्य मला कोणत्याही उत्तरपत्रिकेत लिहिता आले नव्हते.

गुरुजी उंच, किडकिडीत. डोक्यावर पांढरी टोपी, जी ते फळ्यावर लिहिताना काढून खुर्चीवर ठेवीत आणि नंतर तिच्यावरच बसत. आवाज खर्जातला. मुलांवर ते कधी ओरडत नसत. वर्गात कोणी खिडकीबाहेर पाहत बसले की बोलणे थांबवीत, त्या मुलाजवळ जाऊन खाली बसत आणि एखाद्या नातलगाची विचारपूस करावी तसे विचारीत, "तुन्हं ध्यान कोठे शे?"

मूल सांगे. शेतात शे, चुलीजोडे, म्हणजे चुलीजवळ, शे, मामाच्या गावाला शे. गुरुजी मान डोलावीत. "कोणाजोडे शे?" मग पुढचे: "काय करी राहिनं?" आणि हे सगळे समजले की म्हणत, "जाय, लई ये."

जा, घेऊन ये. मूल उठे, व्हरांड्यात जाई, आणि मनाने जिथे गेले होते तिथे उघडपणे, परवानगीने, जाऊन येई. परत आले की उंबऱ्यावर थांबून तिथे काय पाहिले ते सांगावे लागे. त्याशिवाय आत प्रवेश नसे. शिवाय निघायचे ते लगेच. "मधली सुट्टी झाल्यावर जाईन" असे एखाद्याने म्हटले तर गुरुजी म्हणत, "तठलोंग ते थांबी का? आते जाय." तोवर ते थांबेल का, आत्ता जा.

यात खोटे बोलायला मात्र सक्त मनाई होती. घाबरून एखादा "आठेच शे, गुरुजी", इथेच आहे, असे म्हणाला की गुरुजींना वाईट वाटे. ते वर्गभर नजर फिरवीत, बाकाखाली वाकून पाहत, कपाटाचे दार उघडून आत डोकावत आणि म्हणत, "आठे ते माले कोठेच दखास नही." मुले हसत. तो मुलगाही हसे आणि मग खरे काय ते सांगून टाकी.

मी एकदा धीर करून त्यांना म्हटले, "गुरुजी, यात वेळ फार जात नाही का?"

माझ्याशी ते शहरी मराठीत बोलत. म्हणाले, "ताई, मूल ध्यान देत नाही असं कधी होत नाही. ध्यान असतंच. ते फक्त दुसरीकडे असतं. दुसरीकडे असलेल्याला इथून ओरडून उपयोग काय? बोलवायला कोणीतरी जायला नको का?"

माझ्या वर्गात मी 'लक्ष द्या' हे शब्द रंगीत कागद कापून भिंतीवर लावले होते आणि मुलांचे लक्ष बहुतेक वेळ त्या रंगीत कागदांकडेच असे.

व्यवस्था म्हटली की तिच्यात कधीतरी घोटाळा व्हायचाच. पहिलीतला पवन एके दिवशी ध्यान आणायला गेला तो येईचना. त्याची बकरी पहाटे व्याली होती, आणि ध्यान तिच्याजोडे होते. गुरुजींनी "जाय, लई ये" म्हटले आणि नेहमीप्रमाणे पुढचे गणित सांगायला घेतले. पवन मात्र व्हरांडा ओलांडून थेट घरीच गेला. बऱ्याच वेळाने उंबऱ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात दोरी होती, दोरीला बकरी होती, आणि दुसऱ्या हातात, छातीशी धरलेले, ओले करडू होते.

"ध्यान येईच ना, गुरुजी. मंग बकरीच लई उनू."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "उनं ना? मंग बठ."

बकरी दाराच्या कडीला बांधली गेली, करडू पवनच्या मांडीवर, आणि वजाबाकी सुरू झाली. त्या दिवशी पवनची सगळी उत्तरे बरोबर आली, हे मी भिंतीपलीकडून ऐकले आहे. दुर्दैव इतकेच, की त्याच दिवशी आमचे केंद्रप्रमुख शाळा पाहायला आले.

साहेब दारात थबकले. बकरीने त्यांच्याकडे पाहिले.

"गुरुजी, हे काय आहे?"

"हे पवनचं ध्यान आहे, साहेब," गुरुजी उभे राहून अदबीने म्हणाले.

साहेब काही बोलणार तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो पाहिला, बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. मग त्यांनी एका मुलीला वाचायला सांगितले. ती वाचत होती आणि साहेब खिशाकडे पाहत होते. गुरुजी हळूच त्यांच्याजवळ गेले. मी दाराशी उभी होते.

"साहेब, राग मानू नका. तुमचं ध्यान कोठे शे?"

सगळा वर्ग उत्तराची वाट पाहू लागला. मुलांच्या लेखी हा रोजचाच प्रश्न होता. साहेबांनी घाम पुसला आणि कसे कोण जाणे, खरे सांगितले. "मोठ्या मुलीचा निकाल आहे आज. तिचाच फोन आहे."

"मग जा, लई या," गुरुजी म्हणाले.

साहेब व्हरांड्यात गेले. बोलून परत आले आणि, विशेष हे, की उंबऱ्यावर थांबले. कोणी सांगितले नव्हते, तरी थांबले. "पास झाली," त्यांनी वर्गाला सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी जमिनीवर बसून सर्वांचे वाचन नीट ऐकले. निघताना मात्र म्हणाले, "गुरुजी, बकरीचं नाव तेवढं पटावर घालू नका."

गुरुजींचे दुसरे साधन म्हणजे तांब्याचा एक हंडा. सोनगीरला तांबटांची घरे आहेत आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज आमच्या शाळेपर्यंत येतो. बाहेरगावच्या माणसाला तो त्रास वाटतो; इथल्या मुलांना तो बंद पडला तर चुकल्यासारखे होते. हा हंडा तिथलाच, ठोक्याठोक्याने घडवलेला, वापरलेला कधीच नसावा असा. गुरुजींच्या टेबलावर तो पालथा ठेवलेला असे. मधल्या सुट्टीनंतर पोट भरलेली मुले पेंगू लागली किंवा दंगा करू लागली की गुरुजी लाकडी दांडक्याने त्यावर एकच ठोका देत आणि डोळे मिटत. सर्वांनी डोळे मिटायचे. नाद ऐकत राहायचे. तो पूर्ण विरला असे वाटेल तेव्हा हात वर करायचा. एकेक हात वर होई आणि वर्ग इतका शांत होत जाई, की पलीकडची माझी मुलेही आपोआप गप्प होत.

हात वर करायला सर्वांत उशीर गुरुजींनाच लागे. मुलांचे हात अवघडून जात, तरी गुरुजींचे डोळे मिटलेलेच. नाद केव्हाच संपलेला असे. सुरुवातीला मला वाटे, गंमत म्हणून करत असावेत.

हंड्याच्या काठावर, भांड्यांवर नाव टाकतात तसे, ठिपक्याठिपक्यांनी एक नाव टाकलेले होते: छाया. कोणा देणगीदार बाईंचे असावे, असे समजून मी पुढे काही विचारले नाही.

आणि तिसरे साधन त्यांची खिडकी. गुरुजींच्या वर्गाच्या पूर्वेकडच्या भिंतीला मोठी, बारा तावदानांची खिडकी होती. तिच्यातून पडीक रान, त्यापलीकडे महामार्ग आणि त्यावरून इंदूरकडे जाणारी वाहने दिसत. मुलांचे ध्यान पळवणारी याहून मोठी वस्तू शाळेत नव्हती. शहाण्या शिक्षकाने मुलांना तिच्याकडे पाठ करून बसवले असते. गुरुजींनी तोंड करून बसवले होते. रोज सकाळी शाळा भरण्याआधी ते ओल्या वर्तमानपत्राने तावदाने स्वतः पुसत. शाळेला मोठ्या पडद्याचा टीव्ही मिळाला, तेव्हा तो लावायला आलेल्या माणसाने ही भिंत निवडली. गुरुजी खिडकीसमोर हात पसरून उभे राहिले. "टीव्ही तुमच्या वर्गात न्या, ताई," ते मला म्हणाले. "त्याच्यात गेलेलं ध्यान कोणाच्या हाकेला येत नाही."

एवढी निगा राखूनही खालच्या कोपऱ्यातले एक तावदान ते तसेच ठेवीत. ते निळ्या तैलरंगाने रंगवलेले होते. इतर तावदाने आरशासारखी आणि हे एकच निळे, आंधळे. त्याच्या मधोमध, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, टिकलीएवढा रंग नखाने खरवडल्यासारखा निघालेला होता. मी एकदा ब्लेड घेऊन तो रंग काढायला बसले, तर गुरुजी घाईने आले. "असू द्या, ताई. ते माझ्याकडे राहू द्या."

आता आफरीनविषयी सांगायला हवे. ती पहिलीत आली तेव्हा गुरुजींची सगळी व्यवस्था तिच्यापुढे थकली. तिचे वडील भांड्यांना कल्हई करीत. ते काम कमी झाले तसे ते सुरतेला एका कारखान्यात गेले. आफरीन दिवसभर त्या खिडकीतून महामार्गाकडे पाही. गुरुजी विचारीत, ती खरे सांगे, व्हरांड्यात जाई, आणि रिकाम्या हाताने परत येई. कितीतरी दिवस हे चालले. एकदा ती उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिली. मग जपून, मोजून दिल्यासारखे म्हणाली, "गुरुजी, निम्मं उनं. निम्मं अब्बाजोडेच शे."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"निम्मं उनं तरी चाली," ते म्हणाले. "ये, बठ."

तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसले. सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग अर्धवट झोपेत असला, तरी म्हणत, "निम्मं उनं तरी चाली." माझा चेहरा सोमवारी उतरलेला असला, तर तेच. एकदा त्यांनी मलाही विचारले होते, "ताई, तुमचं ध्यान कुठंय?" मी नियमाप्रमाणे खरे सांगितले, "बोदवडच्या स्टेशनवर." आईला एकटीला सोडून मी त्या सकाळची गाडी धरली होती. ते म्हणाले, "जा, व्हरांड्यात जाऊन या. मी दोन्ही वर्ग बघतो." मी गेले. उपयोग होतो, एवढेच सांगते.

आफरीन त्या निम्म्या ध्यानावर अक्षरे शिकली, जोडाक्षरे शिकली. दुसरीत गेली तेव्हा पाटीकडे पाहता पाहता मधूनच महामार्गाकडे पाही आणि परत पाटीकडे येई. कोणी हाक मारावी लागत नसे.

निळ्या तावदानाची हकीकत मला सिंधूअक्कांनी सांगितली. सिंधूअक्का आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. शाळेत सर्वांत जुन्या त्याच. एका दुपारी खिचडीचे पातेले उतरवताना मी सहज म्हणाले, "गुरुजींसारखा मायाळू शिक्षक मी पाहिला नाही." तशा त्या हसल्या.

"तुम्ही आत्तानं गुरुजी दखात, बाई. पैलानं नही दखात."

मग त्यांनी सांगितले ते असे. पूर्वी, तरुणपणी, गुरुजी याच शाळेत होते आणि त्यांच्याइतका कडक मास्तर या तालुक्यात नव्हता. मुलांचे लक्ष बाहेर जाते म्हणून त्यांनीच खिडकीची सगळी तावदाने निळ्या रंगाने रंगवून टाकली होती. त्यांची मुलगी छाया त्यांच्याच वर्गात बसे. तिला गाड्या पाहायचा भारी नाद. तिने नखाने रंग खरवडून टिकलीएवढे भोक पाडले. गुरुजींनी ते रंगवले. तिने पुन्हा पाडले. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर तिचे नख कापले आणि पुन्हा रंगवले. "ती रडनी नही," अक्का म्हणाल्या, "दुसऱ्या बोटानं पाडं."

पुढे गुरुजींची बदली साक्री, शिंदखेडा अशी होत राहिली. छाया धुळ्याला शिकली. लग्नाचे वय झाले तेव्हा गुरुजींनी स्थळ पाहायच्या आधीच इथल्या तांबटाकडे हंडा घडवून घेतला, त्यावर तिचे नाव टाकून घेतले. छायाने मात्र सोबत शिकणाऱ्या एका मुलाशी परस्पर लग्न केले. इंदूरचा मुलगा, वेगळ्या जातीचा. निघण्याआधी सांगायला आली, तर गुरुजींनी दार उघडले नाही. ती या महामार्गानेच गेली. त्यानंतर गुरुजींची पत्नी वारली. छाया आली, उभ्या उभ्या, आणि परत गेली. बाप-लेक बोलले नाहीत.

"मंग शेवटली बदली गुरुजींनी मांगीसन आठे लिधी," अक्का म्हणाल्या. "उनात ते पैले काय करं? ब्लेड लिसन बठनात. बठ्ठा काचा मोकळा करात. सुट्टीभर. ते एकच राखं, तिन्हं भोकनं." शेवटची बदली इथे मागून घेतली, सगळ्या काचा मोकळ्या केल्या आणि राखले ते एकच, तिच्या भोकाचे.

खिचडी गार होत होती. मी पाहिले, पलीकडच्या वर्गात गुरुजी एका मुलाजवळ खाली बसले होते आणि त्याला विचारत होते, कोठे शे.

इंदूर म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचे नाही. सकाळी निघाले तर दुपारी पोचावे. सुट्ट्या जवळ आल्या की गुरुजी मला म्हणत, "यंदा एक फेरी मारीन म्हणतो तिकडे." कुठे ते सांगत नसत. सुट्टी संपली की मी विचारी, "जाऊन आलात?" ते म्हणत, "उन्हं फार होती." दिवाळीत थंडी फार असे. आता हे त्यांच्या नोकरीचे शेवटचे वर्ष होते. शाळा सुटली की खिडकीही सुटणार, हे त्यांना कळत होते आणि मलाही. पण मी भिडस्त. त्यांना जे मुले विचारू शकत होती, ते मला विचारवत नव्हते.

त्या शुक्रवारी मधली सुट्टी संपली होती. माझ्या वर्गातला आवाज हंड्याच्या ठोक्याबरोबर शांत झाला. मग खूपच वेळ शांत राहिला. मी दारातून पाहिले. सगळ्या मुलांचे हात वर होते. काहींनी दुसऱ्या हाताने त्या हाताला आधार दिला होता. गुरुजींचे डोळे उघडे होते, ही नवी गोष्ट. ते खिडकीकडे पाहत होते. महामार्गाच्या कडेला एक बस थांबली होती आणि तिच्यातून एक बाई लहान मुलीला हात धरून उतरवीत होती. ती कोणी तिसरीच होती. रस्ता ओलांडून ती सोनगीरकडे निघूनही गेली. गुरुजींचा हात वर झाला नाही.

आफरीन उठली. त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि, ते जसे खाली बसत तशी, खाली बसली.

"गुरुजी, तुमनं ध्यान कोठे शे?"

गुरुजी दचकले. त्यांनी आधी तिच्याकडे, मग वर्गाकडे पाहिले. "आठेच" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा, कारण पवनने लगेच बाकाखाली वाकून पाहिले. कोणी हसले नाही.

"इंदूरले शे," गुरुजी म्हणाले.

"कोणाजोडे?"

"मन्ही आंडेरजोडे." माझ्या मुलीजवळ.

"काय करी राहिनं?"

"दारमा उभं शे," ते म्हणाले. "मझार जात नही." आत जात नाही.

आफरीनने मान डोलावली. हे तिला ओळखीचे होते. मग तिने सांगितले, आणि तिच्यामागून वर्गातल्या दोघा-चौघांनी, रोजच्या सवयीच्या सुरात:

"जा, लई या."

गुरुजी कसनुसे हसले. "जाईन. सुट्टी लागनी म्हणजे जाईन."

"तठलोंग ते थांबी का?" पवन म्हणाला. "आते जा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यात फार थोड्या वेळा मला योग्य वेळी योग्य वाक्य सुचले आहे. मी म्हणाले, "मी दोन्ही वर्ग बघते, गुरुजी."

त्यांनी खुर्चीवरची टोपी उचलली. ती अर्थातच चपटी झाली होती. ती झटकून घातली. दारापर्यंत गेले, परत आले आणि टेबलावरचा हंडा उचलून खांद्यावर घेतला.

त्यानंतर आम्ही सर्वांनी त्यांना खिडकीतून पाहिले. माझीही मुले त्या वर्गात आली. एक तांबूस हंडा पडीक रानातून, बाभळी चुकवीत, महामार्गाकडे चालला होता आणि त्याच्याखाली गुरुजी होते. पहिली बस थांबली नाही. मुले हळहळली. दुसरी पुढे जाऊन थांबली. कंडक्टर हंड्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, गुरुजींनी काहीतरी उत्तर दिले, आणि दोघे हसले असावेत, कारण हंडा आधी आत गेला. बस दिसेनाशी झाली तरी मुले खिडकीशीच होती. आफरीन निळ्या तावदानाशी बसून टिकलीएवढ्या भोकाला डोळा लावून पाहत होती. मी कोणालाही लक्ष द्या असे म्हटले नाही. इतके एकवटलेले ध्यान मी कुठल्याही वर्गात पाहिले नव्हते.

सोमवारी शाळा भरली, हजेरी झाली, आणि गुरुजी आले. ते आत आले नाहीत. चपला काढून उंबऱ्यावर उभे राहिले. टोपी तीच, सदरा मात्र कोणीतरी धुऊन इस्त्री केलेला. खांदा रिकामा होता.

मुले वाट पाहत होती. विचारण्याचा मान आपोआप आफरीनकडे गेला.

"लई उनात का?"

"उनू ना," गुरुजी म्हणाले. मग त्यांना आठवले, की आधी सांगावे लागते. "तिन्हं दार उघडं. काही बोलनी नही. हंडा लिधा, पानी भरं, वट्टावर ठेवा. तिनी पोर दुसरीमा शे. शाळामा ती खिडकीभाईर देखत राहस, अशी मास्तरीननी तक्रार शे."

"मंग?" पवनने विचारले.

"मंग काय. मी बी तिनाजोडे खिडकीमा बठनू. दोन्हीजण देखत राहिनूत."

"काय दखं?"

"गाड्या."

हे उत्तर वर्गाला पटले. गुरुजींनी एक पाय उचलला आणि उंबऱ्याच्या अलीकडेच पुन्हा टेकवला. खोटे बोलायला मनाई होती.

"पन पुरं नही उनं," ते म्हणाले. "हंडा तठेच ठेवी उनू. ध्यान बी थोडं तठेच राही गयं."

तांबटांकडचे हातोडे नुकतेच सुरू झाले होते. आफरीनने महामार्गाकडे एकदा पाहिले आणि मग जागा करून देण्यासाठी सरकली.

"निम्मं उनं तरी चाली, गुरुजी," ती म्हणाली. "या, बठा."